कळलावीची लाल बांगडी

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्याला माहेरी होते, पोळ्यासाठी. ह्यांचा आवाज फुटत नव्हता. "वहिनी गेली वं... चहा घेतला अन् खुर्चीतच मान टाकली." एवढंच बोलले. मी हाताचं पुरण तसंच पुसलं आणि मिळेल त्या बसने सौंसरला निघाले. बसमध्ये मला रडू यायला हवं होतं. ते आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, आणि तिची मलाच लाज वाटत होती... कळलावीची बांगडी घालायची राहिली. चार-आठ दिवसांपूर्वीच बाईंनी सांगितलं होतं, "मंदा, लाल बांगडी फुटली. वेल उघडी आहे. फुलं आली की पहिलं ते काम करीन."

बाई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, शालिनी. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. स्वयंपाकघरामागे त्यांची कंदांची बाग होती. शरदात फुलणारे कंद त्यांना प्रिय. निशिगंध, सोनटक्का, पांढरी लिली आणि कुंपणावर चढणारी कळलावी. मोहगावच्या, रामाकोन्याच्या पोरी डब्यात घालून कुठले कुठले कंद आणायच्या, आणि बाई ते सोन्यासारखे घ्यायच्या. मला त्या वेडाचा रागच यायचा. कपडे वाळत घालायला जागा नाही, आणि बाईंची लिली! फुलं असेपर्यंत बाग छान दिसे. पण दिवाळी झाली की पानं वाळून सगळी जमीन सपाट. मग कुठे काय आहे ते कळावं म्हणून बाई प्रत्येक झाडाच्या मुळाशी एक काचेची बांगडी अर्धी मातीत रोवून ठेवायच्या. निशिगंधाला हिरवी, सोनटक्क्याला पिवळी, कळलावीला लाल. ती काढायची नाही असा दंडक. "फूल असल्यावर कोणीही ओळखतं गं," त्या म्हणायच्या, "ओळखायचं असतं ते फूल नसताना."

या बांगड्या त्यांच्या स्वतःच्या होत्या. माझे मोठे दीर अचानक गेले तेव्हा बाया बांगड्या फोडायला पुढे आल्या. बाईंनी हात मागे घेतला, एकेक बांगडी स्वतः उतरवली आणि स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. "फोडायच्या नाहीत. मला लागतील." आमच्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, हे कायमचं लागलं. कुंकवाच्या बांगड्या मातीत खुपसायच्या म्हणजे काय! वर्षानुवर्षं त्या बोलत राहिल्या आणि बाई ऐकून सोडत राहिल्या. फक्त एका दिवाळीला नणंदबाई आणि त्यांच्या सासरची मंडळी यायची होती, तेव्हा आई हट्टालाच पेटल्या. "लोकाइनं पाह्यलं त काय म्हनतीन? उचल थ्या." बाईंनी एवढं एकदाच ऐकलं. बांगड्या डब्यात गेल्या, आणि रंगकाम करणाऱ्या माणसांनी उरलेसुरले वाळके वेल ओढून टाकले. कळलावीचे, आणि तिच्या शेजारी लावलेल्या रताळ्याचेही.

पुढे आली कार्तिकातली एकादशी. शनिवारची सकाळची शाळा. जाण्यापूर्वी बाईंनी घाईघाईत खुरपं घातलं, पाटीभर रताळी काढली आणि आईंपुढे ठेवून निघून गेल्या. आईंना कमी दिसतं. त्यांनी सोलली, किसली. मी कीस परतला. ह्यांनी दही घालून ताटभर खाल्ला आणि एवढंच म्हणाले, "जरा कडू लागून राह्यलं आज." आईंचा फराळ पूजेनंतर, माझं ताट अजून वाढायचं होतं. तेवढ्यात बाई शाळेतून आल्या. पर्स खांद्यालाच, आणि नजर पाटीतल्या उरलेल्या कंदांवर.

त्यांनी एक उचलला. कोपरात वाकवलेल्या हातासारखा मधोमध वळलेला. मग विळी ओढून तो चिरला आणि चिरलेल्या भागाकडे बघत राहिल्या. मी विचारलं, काय झालं? त्यांनी दुसरा, खरा रताळ्याचा, चिरला. त्याच्यावर पांढऱ्या चिकाचे ठिपके आले. पहिला कोरडाच. त्यांनी पुन्हा पाहिलं. मी उभी, कढई गॅसवर, आणि बाईंच्या चेहऱ्यावरून रंग उतरताना मला दिसत होता.

"मधूभाऊजींनी खाल्लं?"

"केव्हाच," मी म्हणाले.

आता हे नीट समजून घ्या. त्या क्षणी कोणालाही काहीही होत नव्हतं. हे पलंगावर पेपर वाचत होते. किसाचा आकार कोणाला कळणार? बाई गप्प बसल्या असत्या, उरलेले कंद उकिरड्यावर टाकले असते, तर पुढे जे व्हायचं ते झालं असतं आणि त्यांचं नाव कोणी घेतलं नसतं. विधवा जाऊ, दिराच्या घरात. तिच्या हातून विष गेलं म्हटल्यावर गाव काय काय बोलेल, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी त्या सरळ बाहेरच्या खोलीत गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "त्या किसात कळलावी आहे. विषारी आहे. मीच काढून दिली. उठा, दवाखान्यात चला."

हे हसले. "मले काहीच नाही होऊन राह्यलं वहिनी. काऊन घाबरवून राह्यल्या?"

"आत्ता होणार नाही. मग होईल. मग उशीर झालेला असेल."

आई देवासमोरून उठल्या. "तू देल्लं? माह्या पोराले तू जहर देल्लं?"

"हो आई. मी दिलं."

त्या 'हो'ने माझ्या अंगावर आजही काटा येतो. मला त्यांचा संताप आला, इतका की हात उगारावासा वाटला. पण त्या चालत्या-बोलत्या माणसाला दंडाला धरून दाराकडे ओढत होत्या... मी गॅस बंद केला आणि शेजाऱ्यांची गाडी मागायला धावले.

सौंसरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी आमच्याकडे, मग ह्यांच्या ठणठणीत चेहऱ्याकडे पाहिलं. बाईंनी पिशवीतून तो चिरलेला कंद काढून टेबलावर ठेवला आणि नाव सांगितलं. पोट धुतलं गेलं, पुढे नागपूरला न्यायला सांगितलं. सावनेर यायच्या आत ह्यांना पहिली उलटी झाली. मग थांबेचनात. गाडीत बाई पुढे बसल्या होत्या. वाटभर त्या मागे वळल्या नाहीत. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, काय खाल्लं ते ठाऊक होतं आणि वेळेत निघालात, म्हणून आशा आहे.

हे वाचले. डोक्यावरचे केस मात्र पुंजक्या-पुंजक्यांनी गळले, आणि काही महिने आमच्या घरात टक्कल हा एकमेव विनोद होता. घरी आलो तेव्हा बाईंची बॅग दारात भरलेली होती, मोहगावला माहेरी जायला. आईंनी ती उचलून आत नेली आणि बांगड्यांचा डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला. "लाव जागच्या जागी." माफी अशी कोणी मागितली नाही, ना आईंनी, ना बाईंनी. मी मात्र भांडले. ती वेल मुळापासून उपटा म्हणून. बाई म्हणाल्या, "उपटली आणि एखादा तुकडा राहिला मातीत, तर? मग त्याला बांगडीही नसेल. दिसते आहे तोवर ती बरी." पुढे कळलावीवरून त्यांनी कधीही नजर काढली नाही. रताळी मात्र आमच्या घरात कायमची बाजारातून येऊ लागली.

आता आश्विन लागलाय. बाई नाहीत आणि कळलावी कुंपणभर पेटल्यासारखी फुलली आहे. डबा उघडला, तर आत हिरव्या आहेत, पिवळ्या आहेत. लाल एकही नाही. काल सकाळी वेलीजवळ गेले, तर काही पानं टोकाकडून पिवळी पडायला लागलेली. आज-उद्या ही जाणार. मग पुन्हा सपाट जमीन, आणि या वेळी ओळखणारं कोणी नाही.

माझ्या स्वतःच्या मनगटात हिरव्यांच्या कडेला एक लाल होती. मी ती अंगठ्यापर्यंत आणली आणि थांबले. हे शेजारीच उभे होते. जिवंत नवऱ्यासमोर हातातली बांगडी उतरवून मातीत घालायची... माझा हात चालेना. मागच्या दारात आई काठी टेकून बसल्या होत्या. मला वाटलं, आता ओरडतील.

"काढ," आई म्हणाल्या. "थे त्या दिवशी बोलली, म्हनून तुह्या हातात राह्यल्या."

बांगडी निघायला त्रास झाला, हात जाड झालेत आता. ह्यांनी खुरप्याने माती उकरून दिली आणि मी ती वेलीच्या मुळाशी अर्धी रोवली. बांगड्या भरायला अजून गेले नाही. भाकरी थापताना हात जरा वेगळा वाजतो, आणि आई तिकडून मान वर करून बघतात.