धुतलेल्या पिशव्या

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, फिटर होतो. बॉयलरची राख शेलार गावात आमच्या वस्तीवर पडते अशी तक्रार गेली होती. त्या कागदावर पहिला अंगठा माझ्या आईचा. शेठने धूर गाळायचा बॅगफिल्टर बसवला. शनिवारी सकाळी अकराला तपासणीचे साहेब येणार होते. चिमणीतून धूळ दिसली तर कारखान्याला टाळं, आणि माझी नोकरी गेलीच.

फिल्टरच्या पेटीत कापडाच्या लांब पिशव्या टांगलेल्या. धूर कापडातून आत जातो, धूळ बाहेरच चिकटते, वरून हवेचा झटका बसला की ती खाली पडते. त्या काळ्याकुट्ट पिशव्या बघून मला शिसारी यायची. कापडाच्या गावात वाढलेला मी; मळलेलं कापड दिसलं की हात शिवशिवतात. शुक्रवारच्या सुट्टीत बॉयलर थंड होता. सगळ्या पिशव्या उतरवल्या, सोडा टाकून धुतल्या, वाळवून परत चढवल्या. स्वतःवरच खूश होतो.

शनिवारी नऊला बॉयलर पेटला आणि चिमणीतून करडी धूळ भसाभस निघाली.

बॉयलरवाले चाचा माझ्यावर खेकसले, “कपडा न्हाय रे अडवत. कपड्यावरची धूळच धुळीला अडवते. तू तीच धुऊन टाकलीस.”

त्यांनी हवेचे झटके बंद करायला लावले आणि धुराच्या नळात चुन्याची पूड सोडायला सांगितली, म्हणजे कापडावर थर धरेल. पेटीवर दाब दाखवणाऱ्या काचेच्या नळीतलं लाल पाणी थर वाढेल तसं चढत होतं. खुणेच्या वर गेलं तर पिशव्या तुंबणार आणि धूर उलटा आमच्याच अंगावर येणार. मी नळीवरची नजर हलवली नाही. शर्ट पाठीला चिकटला होता. पाणी खुणेला टेकलं तेव्हा चाचांनी झटके चालू करायला सांगितले. साडेदहा झाले होते. चिमणी स्वच्छ होती.

साहेबांनी वर पाहिलं, मान डोलावली, चहा घेतला आणि गेले. शेठने माझी पाठ थोपटली. मी वाचलो म्हणून उड्या मारतच घरी गेलो.

पौर्णिमा होती. विहारात नेसून जायचं पांढरं लुगडं आईने सकाळी वाळत घातलं होतं. ते तिने माझ्यासमोर धरलं. त्यावर करडे ठिपके होते.

“अकराचा धूर साहेबाला दावलास,” ती म्हणाली. “नवाचा हितं हाय.”

मला तिच्याकडे बघवेना. ती तेच लुगडं नेसून विहारात गेली.