टेकाडावरचा कवड्यांचा बैल

मी यादी करून जगणारी बाई आहे. किराणा, बिलं, रविवारी फोटो काढायला कुठे जायचं – सगळं आदल्या दिवशी लिहिलेलं असतं. भुताखेतांना त्यात कधी जागा नव्हती, आजही नाही. तरी हे सांगितल्याशिवाय राहवत नाही...

हिंगोली तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. सुट्टीला मी आणि आमचे हे स्कूटरवर निघायचो. कधी कळमनुरीकडे, कधी हट्ट्याला. माझ्याकडे सेकंडहँड एसएलआर आणि एक लांबची लेन्स. त्या रविवारी साखऱ्याच्या पुढे, एका बंजारा तांड्याजवळचं पडकं हेमाडपंती देऊळ ठरलं होतं. काळविटं दिसली तर बोनस! मृग तोंडावर आलेला, सकाळचं लख्ख ऊन.

देवळाचे फोटो झाले. मग ओढ्यापलीकडच्या टेकाडाकडे लेन्स फिरवली आणि मी ओरडलेच, "अहो, बैल बघा!"

पांढराशुभ्र, उंच शिंगांचा. कपाळावर कवड्यांची पट्टी, अंगावर आरशांची लाल झूल. काय फ्रेम होती!

"कुठाय?" हे कपाळावर हात धरून म्हणाले. "मला तर नुसतं टेकाड दिसून राहिलं. चष्म्याचा नंबर वाढला मॅडम तुमचा."

कॅमेरा खाली घेतला – टेकाड रिकामं. पुन्हा डोळ्याला लावला – बैल तिथेच! आता त्याने आमच्याकडे पाठ फिरवली होती. मान खाली घालून पलीकडच्या उताराकडे एकटक बघत होता. मी बटण दाबलं. पुढच्या क्षणी लेन्समधूनही तो गेला.

तेवढ्यात तांड्यातले एक शेतकरी आले, थावरूभाऊ. खांद्यावर दोर, तोंड सुकलेलं.

"बाई, पांढरा बैल दिसला का कुठं? जोडीतला एक गेला माझा. पेरणी आली, एका बैलावर काय करू?"

"आत्ताच दिसला की! किती छान सजवलाय हो."

"सजवलाय? माझा तर बोडकाच गेला. कासराबी न्हाई गळ्यात."

मी कवड्या, झूल, सगळं सांगितलं. ते थबकले.

"आमच्या आज्याच्या वक्ताला बैलांवर मीठ-धान्य लादून तांडा चालायचा. म्होरक्या बैलाला असं सजवायचे. त्याच्यावर ओझं न्हाई टाकायचं. तो वळंल तिकडं समदे वळायचे. आता कुणाकडंच न्हाई तसा..." आणि एकदम, "त्याचं तोंड कुणीकडं व्हतं?"

"पलीकडे. खाली."

ते पळतच सुटले. मागे आम्ही. टेकाडावर बैल नव्हता, मऊ मातीत एक खूरही उमटला नव्हता. पण पलीकडच्या उतारावर बोराटीचं रान होतं, आणि त्यातून हंबरणं ऐकू आलं... अगदी क्षीण.

"बारव!" थावरूभाऊ ओरडले. "बुजली म्हणून इकडं कुणी येतबी न्हाई!"

यांनी चष्म्याचे विनोद विसरून हातांनीच काटे ओढले. खाली, जुन्या विहिरीच्या ढासळलेल्या पायऱ्यांमध्ये पांढरा बैल अडकलेला. पाय सोलपटलेला, पण जिवंत! तांडा गोळा झाला. कडब्याच्या पेंढ्या टाकून वाट केली, दोर लावले. बैल वर आला तेव्हा थावरूभाऊ त्याच्या गळ्यात पडून रडले, आणि मी फोटो काढता काढता चक्क उड्या मारत होते.

रोल धुऊन आला. देऊळ उत्तम, बारव उत्तम. टेकाडाच्या फोटोत मात्र फक्त टेकाड. फोकस अचूक, गवताची काडी न् काडी मोजता यावी इतका. बैल नाही.

मी पद्धतशीर शोध घेतला. मृगजळ म्हणावं, तर ऊन अजून चढलंही नव्हतं. दुसऱ्या कुणाचा बैल म्हणावा, तर आसपासच्या गावांत असा सजवलेला बैल कुणाकडेच नव्हता. शेवटी थावरूभाऊंना त्यांच्या बैलाचा फोटो द्यायला गेले, तेव्हा तो रिकामा फोटोही दाखवला आणि कुरकुरले, "बघा ना, आलाच नाही!"

ते हसले. "बैल घावला ना बाई? मग फोटो काहून पाहिजे?"

त्यांचं बराबर असेल. पण जे लेन्समधून मला दिसलं ते फिल्मला का दिसलं नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कुणा वाचकाला कळत असेल तर जरूर सांगा. मला तो फोटो अजूनही पाहिजे आहे.