गळ्यात पडणारी माणसं

मास्तर म्हणजे शिंपी, शाळेतले नव्हेत. आपण कापड बेततो, पोरं नाही, असं ते स्वतःच सांगत आणि समोरचा हसला नाही तर त्याला अक्कल नाही असं धरून चालत.

माणूस भेटतो कसा, यावरून मास्तर त्याची पारख करत, आणि त्या परीक्षेत आजवर कुणी पास झालेलं नव्हतं. हात पुढे करणाऱ्यांत काही ओलं फडकं हातात ठेवल्यासारखे. काही बोटं चिरडून मर्दुमकी दाखवणारे. गालाला गाल लावणाऱ्यांचं तर नावच नको. आधी कुठला गाल, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नसतं. मग नाकावर नाक आपटतं आणि दोघं असे हसतात, जणू मोठा पराक्रम केला! स्वतः मास्तर दोन्ही हात पाठीमागे बांधून हनुवटी जरा वर करत. ह्याला ते सभ्यपणा समजत. बघणाऱ्याला वाटे, मानेत उसण भरलीय.

पण खरा राग गळ्यात पडणाऱ्यांवर. माणसाला कवेत घ्यायचं ते टेप पाठीमागून पुढे आणण्यापुरतं. आकडा मोठ्यानं सांगितला, बायकोनं लिहून घेतला, की बाजूला व्हायचं. दिवसभर मास्तर लोकांना असे कवेत घेत, आणि दुकानाबाहेर कुणाचा धक्का लागला तरी अंग चोरत.

गळ्यात पडणाऱ्यांचा मेरुमणी म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. एकाच टेबलावर शिकलेला, पण एके दिवशी कात्री ठेवून त्यानं पलीकडच्या रस्त्यावर तयार कपड्यांचं दुकान काढलं. तयार कपडे म्हणजे कुणाच्याच अंगाचे नसलेले कपडे. त्या दिवसापासून मास्तरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो गिऱ्हाइकाला दारातच मिठी मारतो हे कळल्यावर ते एवढंच म्हणाले, की आधी गळ्यात पडतो, मग गळ्यात मारतो.

आता ताई, दोघांची थोरली बहीण, लेकीकडे परदेशी कायमची राहायला निघाली. आई गेल्यावर दोघांना तिनंच वाढवलेलं. तिनं फोनवर बजावलं, "मी पुन्हा येईन न येईन. माझ्या डोळ्यांदेखत दोघं नीट भेटा. ते जमणार नसेल तर मला निरोप द्यायलाही येऊ नकोस."

मास्तरांना भाऊ नको होता, पण ताईला न भेटता जाऊ देणं त्यांच्यानं होणार नव्हतं. झाली पंचाईत. नुसती हनुवटी उचलली तर ताई तिथंच कान धरणार. शेवटी त्यांनी हात मिळवायचं ठरवलं, तेही कोपर ताठ ठेवून, म्हणजे पुढचा जवळ येणार नाही. साठीला टेकलेला माणूस दुकानातल्या आरशासमोर स्वतःकडे हात पुढे करत होता, आणि बायको तोंडाला पदर लावून हसत होती. बायकोलाही अक्कल नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

ताईच्या खोलीत बांधाबांध झालेली, बसायला एक खुर्ची उरलेली. धाकटा आला तो त्याच्याच दुकानातला जाडजूड कोट घालून. खांद्यांत एवढं भरताड, की मास्तरांना शिसारीच आली. त्यांनी ठरल्याप्रमाणे ताठ हात पुढे केला. धाकट्यानं त्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही हात पसरून तो सरळ अंगावर आला. मास्तरांचा हात दोघांच्या पोटांत अडकला. एवढ्या लाजिरवाण्या अवस्थेत ते जन्मात सापडले नव्हते.

कसाबसा हात सोडवला खरा, पण मोकळे झालेले हात आपल्या सवयीनं गेले. कोटाच्या आतून, बगलेखालून, पाठीमागे. बोटं नको तितक्या लवकर एकमेकांना भेटली.

"छत्तीस," मास्तर बोलून गेले.

ह्याच माणसाच्या लग्नाचा कोट त्यांनी स्वतः बेतला होता. छाती चव्वेचाळीस. हाताखाली आता एकेक बरगडी लागत होती.

"हळू बोल," धाकटा कानाशी पुटपुटला. "ताईला कळलं तर ती जायची नाही."

"काय झालंय तुला?"

"तिला आधी जाऊ दे रे."

इतकी वर्षं पलीकडच्या रस्त्यावर होता हा, आणि आपण फुटपाथ बदलून जात होतो. स्वतःचीच किळस आली मास्तरांना.

तिकडे ताई डोळे पुसत हसत होती. काय म्हणून एवढं ताणलंत, आणि आता बघा, संपतच नाही तुमची भेट, असं काहीबाही ती बोलत राहिली. धाकट्यानं आपले हात केव्हाच खाली सोडले होते.

"मी काय करू?" मास्तर आवाजात होती नव्हती तेवढी तुच्छता आणून म्हणाले. "हाच सोडत नाहीये."