कूलरवाले साहेब

"घाबरता काहून? कंपनी आहे ना!" असं म्हणून साहेब समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. हात जड होता, वजन कंपनीचं होतं.

साहेब म्हणजे एका कूलर कंपनीचे नागपूरचे मॅनेजर. राहायचे आमच्याच गल्लीत. सीताबर्डीच्या ज्या दुकानात मी काउंटरवर उभा असतो, तिथे त्यांचाच माल विकला जायचा.

एका मे महिन्यात कंपनीला कळलं, की पंपातून कूलरच्या पत्र्यात करंट उतरतो. विकलेले सगळे कूलर परत मागवायचं ठरलं. बदली कूलर कधी मिळणार? पावसाळ्यात! वा रे कंपनी! आता तुम्हीच सांगा, नागपुरात मे महिन्यात घरचा कूलर कोणी देतो का?

त्यातून कंपनीचा हुकूम, 'धोका' हा शब्द कुठेच यायला नको. म्हणून साहेबांनी 'ग्राहक स्नेह मेळावा' ठेवला. मंडप टाकला, फुगे बांधले, मठ्ठा वाटला. लोक मठ्ठा पिऊन घरी गेले. कूलर एकही आला नाही.

"साहेब, करंट लागते म्हणून लोकायले साफ सांगा ना," मी म्हटलं.

"तू टेन्शन नको घेऊ गा. कंपनी आहे ना!"

वरच्या ऑफिसला त्यांनी कळवलं, की ग्राहकांना आपला कूलर इतका आवडतो, की ते परत द्यायलाच तयार नाहीत. कंपनीने साहेबांचा सत्कार केला. भर उन्हाळ्यात शाल पांघरून घेतली बिचाऱ्यांनी.

शेजारच्या काकूंना मी बजावलं होतं. त्या म्हणाल्या, "साहेब म्हणतेत काही होत नाही. तुले त्याईच्यापेक्षा जास्त समजते का?" आणि ओल्या अंगणात उभ्या राहून चालू कूलरमध्ये पाइपने पाणी भरत राहिल्या. आपण सगळेच तसं भरतो, बटण बंद करायला कोण उठतो? एका दुपारी करंटने त्यांना फेकलं. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं पुन्हा वळलीच नाहीत. काकू ब्लाउज शिवायच्या.

साहेब भेटायला आले ते कंपनीचं भिंतीवरचं घड्याळ घेऊन. ते त्यांच्याच टाळक्यात घालावं, इतका संताप आला मला.

पुढे साहेबांना बढती मिळाली, पुण्याला. शेजारधर्म म्हणून सामान गाडीत चढवायला गेलो. खिडकीतला त्यांचा कूलर काढायला म्हणून उघडला, तर आत पंप दुसऱ्याच कंपनीचा.

"हा कधी बदलवला साहेब?"

"मेळाव्याच्या आधी."

"काहून?"

साहेबांनी मान खाली घातली. "पाणी माही माय भरते ना गा."

त्या वेळी कंपनीचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही.

गाडीत पुढे म्हातारी बसली होती. जाता जाता तिने दोन्ही हात जोडून सगळ्या गल्लीला नमस्कार केला. काकू दारात आल्या, आणि त्यांनी डावा हात हलवला.