पंचनाम्यात घड्याळ बरोबर होतं

ती घटना आठवली की आजही मी पुढचं ताट बाजूला सारतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंचसं विसरलो. हे मात्र जात नाही. यात रक्ताचा थेंब सांडला नव्हता, आणि एका माणसाचं जे वाटोळं झालं ते माझ्या हातून झालं.

तेव्हा मी वर्धा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. मार्चचे सुरुवातीचे दिवस, दहावीची परीक्षा चालू. शुक्रवारी गणिताचा पेपर झाला आणि शनिवारी सकाळी ठाण्यातला फोन वाजला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "सायेब, कालचा पेपर मोबाईलवर फिरला. सिंदी रेल्वे गावाच्या बाजूच्या शाळेतूनच फुटला. तिथल्या मास्तरले धरा, समदं निघते."

निनावी फोन करणारा बहुतेक वेळा अर्धं खरं सांगतो, आणि आपण उरलेलं अर्धंही खरं धरून चालतो. पेपर फिरला होता हे खरं निघालं. पेपर अकराचा, आणि प्रश्नपत्रिकेचा फोटो लोकांच्या मोबाईलवर नऊ पंचावन्नलाच आलेला. मास्तर म्हणजे त्या केंद्राची जबाबदारी असलेले शिक्षक, पन्नाशी ओलांडलेले, गणवेशातल्या माणसासमोर उगाच उभे राहणारे.

रविवारी पंच मिळाले नाहीत. सोमवारी दोन पंच घेऊन शाळेत गेलो. कॅमेऱ्याचं मशीन मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटात बंद असायचं, वर्षानुवर्षं कोणी त्याकडे ढुंकून पाहत नसे. मशीनवरची वेळ आणि माझ्या मोबाईलची वेळ मिनिटाला मिनिट जुळली. ते मी पंचनाम्यात मुद्दाम लिहून घेतलं, कारण बचावाचे वकील पहिला घाव तिथेच घालतात. डिस्क काढून जप्त केली, मशीन शाळेतच ठेवलं.

फुटेजमध्ये मास्तर पाकीट फोडताना स्वच्छ दिसत होते. वेळ नऊ चाळीस. नियमाने ते दहा चाळीसला फोडायचं होतं. पाकिटासोबतच्या कागदावर दहा चाळीस लिहून दोन पर्यवेक्षकांच्या सह्या होत्या. त्यातल्या एकाला मी विचारलं, हा वेळेचा रकाना केव्हा भरला?

"तो तर सकाळीच भरून ठेवतो साहेब, मागून घाई होते. फोडलं तवा आम्ही होतो, पण घडी नाई पाह्यली."

सगळ्याच शाळांत असंच चालतं. पण त्या सवयीने मास्तरांचा एकमेव आधार गेला.

त्यांना दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. मी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. फक्त तो पाच मिनिटांचा तुकडा त्यांना पुन्हा पुन्हा दाखवला. पहिल्या दिवशी ते ठाम होते. "दहा चाळीसलेच फोडलं साहेब. मी खोटं काऊन बोलू?" दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. "मले तर दहा चाळीसच आठवते. पण यात नऊ चाळीस दिसून राह्यले. मशीन काऊन खोटं बोलन? मीच चुकलो असन."

पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी त्या दिवशी मी समाधानाने चहा मागवला. त्याची लाज मला अजून वाटते.

जामीन झाला, निलंबन झालं, मी दोषारोपपत्र दाखल केलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तर जेवता जेवता बसल्या जागी गेले.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर नोव्हेंबरात त्याच शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. "साहेब, त्या केसपासून मी मशीन रोज पाह्यतो. कॅमेऱ्याची घडी एक तास मागं चालून राह्यली. कोणी हातबी नाई लावला." जिल्ह्याच्या सायबर सेलमधल्या एका महिला शिपायाला घेऊन मी शाळेत गेलो. तिने मशीनची सेटिंग उघडली आणि पाच मिनिटांत सांगितलं, "सर, यात देश अमेरिकाच राहिला आहे. बसवणाऱ्याने उन्हाळ्यात नुसतं घड्याळ आपल्या वेळेवर आणलं, देश बदललाच नाही. तिकडे मार्चमधल्या एका रविवारी सगळी घड्याळं एक तास पुढे करतात, नोव्हेंबरातल्या एका रविवारी परत मागे आणतात. हे मशीन आपलं आपणच ते करतंय."

म्हणजे आधीच्या नोव्हेंबरपासून मशीन तासभर मागे होतं. पेपर शुक्रवारी झाला तेव्हा मशीनवरचे नऊ चाळीस म्हणजे खरे दहा चाळीस होते, मधल्या रविवारी मशीन आपोआप पुढे सरकून बरोबर झालं, आणि सोमवारी मी माझा मोबाईल त्याच्याशी ताडून पाहिला.

ठाण्यात येऊन त्या शुक्रवारचं फुटेज प्रथमच सकाळपासून पाहिलं. तालुक्याहून पाकिटं आणणारा माणूस त्यात आठ पन्नासला खोलीत शिरतो. तालुक्याच्या नोंदवहीत तो निघालाच नऊ वीसला. निघण्याआधी अर्धा तास पोचलेला माणूस आठ महिने माझ्या मुद्देमालात पडून होता. मला हवा तेवढाच तुकडा पाहून मी डिस्क सीलबंद केली होती.

कोर्टाला अहवाल दिला. पण आरोपी मयत म्हणून खटला आधीच संपला होता. निर्दोष असा शब्द त्यांच्या नावापुढे कुठल्याच कागदावर लागला नाही. पेपर खरा कुठून फुटला, तेही कधी कळलं नाही.

मास्तरांच्या पत्नी आष्टीला सासरच्या घरी राहायला गेल्या होत्या. मी साध्या कपड्यांत गेलो, ओसरीवर बसून सगळं सांगितलं. त्यांनी पदराने हात पुसले.

"म्हंजे ते खरं बोलून राह्यले होते?"

"हो, ताई."

"कोठडीतून आले तसे रोज विचारत, मी असं करीन का वो? अन् मी म्हणो, कॅमेऱ्यात दिसते ना, मंग कबूल करून मोकळे व्हा. रोज म्हणो साहेब." त्या उंबऱ्यावर टेकल्या. "हे मले सांगाले काऊन आले तुमी?"

नवीन अधिकाऱ्यांपुढे बोलायला बोलावतात तेव्हा मी सांगतो, घड्याळ जप्तीच्या दिवसाचं नाही, घटनेच्या दिवसाचं तपासा, आणि फुटेज पहिल्यापासून पाहा. ते लिहून घेतात. आष्टीची गोष्ट मी त्यांना सांगत नाही. मी माझा भार उतरवायला गेलो होतो, आणि तो त्या बाईच्या डोक्यावर ठेवून आलो.