घरातली साक्ष

चर्चच्या मंडळीतली निम्मी माणसं सुईणबाईंच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. त्यांचा मुलगा वायरमन. प्रार्थना अशी करायचा की बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडिलांपैकी एक जण वारले, तेव्हा त्या जागी याचंच नाव सगळ्यांच्या तोंडी आलं.

चर्चचे पाळक नवे होते, पण कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही तो देवाचं घर काय सांभाळणार, असं त्यांचं म्हणणं. मुलगा कामावर असताना, भरदुपारी ते घरी आले. सुनेला विचारलं, तर ती जमिनीकडे बघत "चांगले आहेत" म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मग ते सुईणबाईंकडे वळले.

गेल्याच आठवड्यात, न विचारता बहिणीकडे गेली म्हणून मुलाने सुनेला जिन्यात उभं करून आतून कडी लावली होती. सुईणबाई कडी काढायला उठल्या, तर तो त्यांच्याही अंगावर धावून आला होता. पण पोटच्या पोराचं असलं काही परक्यापुढे उघडं करायचं म्हणजे आपलेच दात आपलेच ओठ.

आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

"साहेब, त्याला आत्ता वडील करू नका," त्या म्हणाल्या. "बाहेर त्याची जीभ मधाची. घरात आम्ही दोघी त्याच्या पावलांना भितो. कोणी सांगितलं असं त्याने विचारलं तर माझं नाव सांगा. सुनेचं नको."

पाळकांनी मुलाला समोर बसवून नकार कळवला. घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "आईच वैरीण निघाली." त्यानंतर बोलणं बंद. आईनेच केसाने गळा कापला, अशी कुजबुज मंडळीत सुरू झाली. सूनही फुरंगटली. "तुम्ही बोलून मोकळ्या झालात, आता राग माझ्यावर निघेल," म्हणाली. सुईणबाईंनी लेकीकडे राहायला जायचा बेत रद्द केला आणि अंथरूण त्या दोघांच्या दाराशी ओढलं.

वडिलांची ती जागा रिकामीच ठेवली गेली. हल्ली मुलगा अधूनमधून पाळकांकडे जाऊन बसतो. काय बोलतो ते सांगत नाही. घरात आवाज चढत नाही, पण हसूही येत नाही. सुईणबाई वाढतात, तो मान वर न करता जेवतो. आपलं चुकलं का, हे त्या रोज देवाला विचारतात. मुलाला विचारायचा धीर अजून होत नाही.