वेळेवर उघडलेलं फाटक

नईमाच्या नाकावर राग असायचा, आणि तो बहुतेक वेळा उशीर करणाऱ्यांवर असायचा. इस्रायलमधल्या रामत गान शहराच्या पोस्टात तिने सगळी नोकरी खिडकीवर काढली. शेजारचा कारकून कॉफी ढोसत बसला, की ती रांगेतल्या लोकांदेखत त्याला हाक मारून उठवायची. नवरा हयात असताना म्हणायचा, आमचा इलानसुद्धा हिच्या धाकाने डॉक्टरने सांगितलेल्या दिवशीच जन्माला आला.

ती मूळची बगदादची. लहानपणी आईबापांबरोबर विमानाने इस्रायलला आली. शाळेत बाईंनी तिचं नाव बदलून नाओमी केलं, ते तिने निवृत्त होताना पोस्टातच ठेवून दिलं. घरातली बगदादी अरबी मात्र तिने कधी सोडली नव्हती, आणि त्याच अरबीपायी वरच्या मजल्यावरची त्सिपोरा तिच्या मागे लागली. त्सिपोरा ज्या बायकांच्या गटात होती, तो पॅलेस्टिनी गावांजवळच्या इस्रायली लष्कराच्या नाक्यांवर जाऊन उभा राहायचा. कोणाला अडवलं, कोणाला सोडलं, सैनिक कसे वागले, हे बघायचं आणि कळवायचं. पगार नाही, आभार तर नाहीतच.

"आमच्यात कोणाला धड अरबी येत नाही. तू चल."

"मी कशाला येऊ? माझा इलान त्याच फौजेत होता."

"माझे दोघंही होते. स्वेटर घे, सकाळी गारठा असतो."

नईमा एकदाच जाऊन बघू म्हणून गेली, ती जातच राहिली.

त्या दोघींच्या वाट्याला देर लोझ गावाचं फाटक आलं. गाव इस्रायलने घातलेल्या कुंपणाच्या अलीकडे, गावाची ऑलिव्हची झाडं पलीकडे, इस्रायलच्या बाजूला. मधल्या फाटकाची किल्ली सैनिकांकडे. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी जीप येणार, फाटक उघडणार, परवाना असलेली माणसं आणि गाढवं पलीकडे जाणार किंवा परत येणार. गावकऱ्यांनी नईमाला आपल्या रिवाजाप्रमाणे थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली, उम्म इलान. म्हणजे इलानची आई. तिच्या अरबीला ते खो-खो हसायचे. सगळ्यांत जास्त हसायची ती हज करून आलेली म्हातारी, हाज्जा फिद्दा.

"उम्म इलान, तू तोंड उघडलंस की रेडिओवर जुनं नाटक लागल्यासारखं वाटतं गं!"

"आणि तू हसलीस की तुझं गाढव दचकतं, हाज्जा. त्या बिचाऱ्याचा तरी विचार कर."

फिद्दा विधवा होती. तिची झाडं सगळ्यांत लांब, खाली ओढ्याकाठी. गुडघे गेलेले. त्यातून गाढव असं, की रस्त्यात त्याला काय आठवायचं कोण जाणे, मध्येच उभं राहायचं. त्यामुळे संध्याकाळी परतताना ती नेहमी शेवटची.

सैनिक सकाळी कधीच वेळेवर येत नसत. माणसं थंडीत उभी, आणि जीपचा पत्ता नाही. पोस्टातल्या बाईला हे बघवेना. ती सैन्याच्या कचेरीत फोन करू लागली. रोज. तिकडून उत्तर यायचं, बघतो. नईमा म्हणायची, तुम्ही बघताच आहात, आता या. जीप आली की तिथला पोरगेला सैनिक तिला चिडवायचा.

"आजी, घरी नातवंडं नाहीत का तुम्हाला?"

"आहेत ना. तुझ्यापेक्षा लवकर उठतात!"

एकदा रांगेतला अबू जलाल, ट्रॅक्टरवाला म्हातारा, तिच्याजवळ आला. "उम्म इलान, राहू दे ना तो फोन. ते त्यांच्या वेळेने येतात, आम्ही आमच्या वेळेने परततो. बसलेली घडी मोडू नकोस."

"घाबरतात बिचारे," परत जाताना गाडीत नईमा म्हणाली.

त्सिपोरा गाडी चालवत होती. "नको का म्हणतात, हे विचारलंस त्यांना?"

"त्यात काय विचारायचंय?"

"आपलं काम बघायचं आहे, नईमा. फाटक चालवायचं नाही."

पण नईमाने पिच्छा सोडला नाही, आणि शेवटी एक नवा अधिकारी आला. त्याने तिची तक्रार नीट ऐकून घेतली, आणि दुसऱ्या सकाळपासून फाटक ठरल्या मिनिटाला उघडू लागलं. नईमाला आभाळ ठेंगणं झालं. तिने चण्याचं सारण भरून सामोशासारखे बगदादी सांबुसक तळले आणि डबा भरून रांगेत वाटले. लोकांनी खाल्ले, छान झालेत म्हणाले. फाटकाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तिला ते जरा लागलंच.

मग ऑलिव्हची तोडणी सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी सैनिकांनी ठरल्या मिनिटाला फाटक ओढलं आणि कुलूप घातलं. पलीकडे वळणावर फिद्दा दिसत होती. गाढवाच्या पाठीवर पोती, आणि गाढव उभं.

"अरे, ती बघ ना! येतेय ती!" नईमा ओरडली.

"वेळ झाली, आजी. हुकूम आहे."

तिने त्याच अधिकाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "बाई, इतके दिवस तुम्हीच मला घड्याळ दाखवत होतात ना?" त्याच्या आवाजात टोमणाही नव्हता, आणि तेच नईमाला झोंबलं.

फिद्दा बंद फाटकापाशी पोचली आणि गाढवाला टेकून बसली. अंधार पडल्यावर गस्तीची जीप आली. तिला या बाजूला सोडलं, आणि संध्याकाळनंतर पलीकडे सापडली म्हणून परवाना काढून घेतला. पुन्हा अर्ज करा, म्हणाले. अर्जाचं उत्तर येईपर्यंत तोडणी संपलेली असते, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. परवाना तिच्या एकटीच्याच नावावर होता. वर्षभराचं तेल झाडावरच राहणार होतं, आणि त्या तेलावरच तिचं घर चालायचं.

"अबू जलालने सांगितलं होतं ना तुला?" फिद्दा म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "सकाळी ते आम्हाला तिष्ठत ठेवायचे, म्हणून संध्याकाळी माझ्यासाठी थांबायचे. त्यांनाही थोडी लाज होती. तू फोन केलास, आणि त्यांची लाज फिटली."

नईमाने पुढचे कितीतरी दिवस एकही कचेरी सोडली नाही. रडून पाहिलं, भांडून पाहिलं. परवाना काही मिळाला नाही. मग एका सकाळी ती नकाशा घेऊन त्सिपोराच्या दारात उभी राहिली. फिद्दाची झाडं आपल्या बाजूने किती लांब आहेत गं, तिने विचारलं. फार लांब नव्हती. इस्रायलच्या बाजूने कच्चा रस्ता थेट ओढ्यापर्यंत जात होता, दोघी त्याच रस्त्याने गेल्या. अबू जलाल रोजच्यासारखा पलीकडे गेला होता, त्याने फिद्दाची झाडं दाखवली. दोघी म्हाताऱ्यांनी दिवसभर काठ्यांनी झोडून, हातांनी ओरबाडून ऑलिव्ह काढले, गाडीत पोती कोंबली आणि मोठ्या रस्त्याने वळसा घालून संध्याकाळी गावाच्या बाजूला फाटकाशी आणली.

फिद्दाने पोत्यात हात घातला. "तू पलीकडे कशी गेलीस?"

"रस्त्याने. गाडी घेऊन."

"आणि परवाना?"

"मला लागत नाही, हाज्जा."

"फाटक?"

"त्या बाजूला फाटकच नाही."

"म्हणजे इतकी वर्षं तू माझ्याबरोबर इथे थंडीत ताटकळायचीस, आणि तुला माझ्या झाडांकडे केव्हाही जाता येत होतं?"

"माझ्या कधी डोक्यातच आलं नाही," नईमा कशीबशी म्हणाली. ते अगदी खरं होतं, म्हणूनच तिला स्वतःची लाज वाटली.

फिद्दाने मूठभर ऑलिव्ह वर काढले, त्यातली पानं निवडून टाकली. "किती पाला आणलायस! उद्या खाली चादर नीट अंथर. आणि विहिरीजवळच्या झाडाला काठी लावू नकोस. ते माझ्या नवऱ्याने लावलंय, त्याचे ऑलिव्ह हातानेच काढायचे." मग तिने विचारलं, "यंदा धरलंय का गं ते?"

"धरलंय. एक फांदी पार विहिरीच्या कठड्यावर टेकलीय."

"कुठली? ओढ्याकडची?"

"हो, ओढ्याकडची."

"काळे झालेत, की हिरवेच आहेत अजून?"

नईमा एकेक फांदी आठवून सांगत गेली, आणि हाज्जा फिद्दा कुंपणाची तार धरून आपल्याच झाडाची खबर तिच्याकडून ऐकत राहिली.